आवळा पहिला आला, पण कोणत्या परीक्षेत?

दर हिवाळ्यात एक रील फिरतं. एका बाजूला परदेशी ब्लूबेरीची प्लास्टिकची डबी, दुसऱ्या बाजूला आपला आवळा, मध्ये ठळक अक्षरांत आकडा. इतक्या पट जास्त अँटिऑक्सिडंट! मागे ढोल-ताशा. बघणाऱ्याची छाती फुगते, रील पुढे जातं, आणि त्याच रीलच्या शेवटी कुणीतरी आवळ्याची पावडर विकत असतं.

मी अन्नशास्त्रात एम.एस्सी. केलंय आणि माझं गाव पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलडाणा. या दोन्ही नात्यांनी मला या आकड्याचा राग आहे. आकडा बनावट नाही, कुणीतरी खरंच मोजलेला आहे. पण तो ज्या कामासाठी मोजला त्या कामाला कुणी वापरत नाही, आणि ज्या कामाला वापरतात त्याला तो चालत नाही. आमच्याकडे तर त्याने नुकसान होतं. ते कसं, ते सांगते.

आधी आकड्याचं कूळ. २०१० मध्ये नॉर्वेतल्या ओस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरातले ३,१०० हून जास्त खाद्यपदार्थ, पेयं, मसाले आणि औषधी वनस्पती एकाच पद्धतीने तपासून तक्ता प्रसिद्ध केला. मोठं काम होतं, आठेक वर्षं चाललेलं. त्यात आवळ्याला १०० ग्रॅममागे २६१.५ मिलिमोल असा गुण मिळाला. लवंगेची सरासरी २७७. रीलमधला आवळा बहुतेक वेळा इथूनच आलेला असतो.

आता बारीक अक्षरं वाचा. तो आवळा वाळलेला होता. ताज्या आवळ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते उडून गेलं की उरलेल्या सगळ्याचं प्रमाण १०० ग्रॅमला पाचपट दिसायला लागतं, आवळ्यात नवीन काही आलेलं नसताना. ब्लूबेरी मात्र रीलमध्ये ताजी, पाण्याने भरलेली. हे म्हणजे खारीक आणि कलिंगड यांची गोडीची शर्यत लावून खारकेला हार घालणं. आणि लवंग? दिवसाला १०० ग्रॅम लवंगा खाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण पाण्याचा घोटाळा हा किरकोळ भाग. खरी अडचण परीक्षेतच आहे.

ओस्लोच्या तक्त्यासाठी वापरलेल्या पद्धतीला ‘फ्रॅप’ म्हणतात. १९९६ मध्ये ती मांडली गेली. कल्पना साधी आहे: एका द्रावणात फेरिक रूपातलं लोह असतं. त्यात पदार्थाचा अर्क टाकला, की अर्कातली रसायनं त्या लोहाचं फेरस रूप करतात आणि द्रावण निळं होतं. जितकं गडद निळं, तितके जास्त गुण. निळं कुणी केलं, हे यंत्र विचारत नाही. व्हिटॅमिन सी ने केलं तरी गुण, चहातल्या कॅटेचिनने केलं तरी गुण, टॅनिनने केलं तरी गुण. सगळ्यांची बेरीज एका खात्यात.

आणि इथे माझं भांडण सुरू होतं. कारण हीच तीन रसायनं ताटात एकमेकांच्या विरोधात काम करतात, तेही नेमकी लोहाच्याच बाबतीत. भाजी-भाकरीतलं लोह आतड्यातून रक्तात जायला व्हिटॅमिन सी मदत करतं. चहातली कॅटेचिनं आणि टॅनिनं त्याच लोहाला धरून बसतात, ते आत जाऊ देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातलं वनस्पतिजन्य लोह शोषलं जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं, हे सत्तरच्या दशकापासून माहीत आहे. प्रयोगशाळा कशाला, तुमच्या आजीला माहीत आहे. केसांना लावायचा आवळा ती लोखंडी कढईत भिजवून ठेवते आणि सकाळी तो डांबरासारखा काळा झालेला असतो. ते काळं म्हणजे आवळ्यातल्या टॅनिनने धरलेलं लोखंड. हिरड्याची जुनी शाई अशीच व्हायची. आवळ्यात व्हिटॅमिन सी आहे आणि टॅनिनही आहे. एक हात देणारा, एक घेणारा. तक्ता दोघांना एकाच रांगेत उभं करून टाळ्या वाजवतो.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत निघालं. निम्म्याहून जास्त. अशा राज्यात ‘जितकं जास्त अँटिऑक्सिडंट तितकं चांगलं’ हे वाक्य किती बेजबाबदार आहे, ते पिंपळगावात माझ्या चुलतबहिणीच्या घरी दिसलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं हिमोग्लोबिन ८.६ होतं. लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळत होत्या आणि ती त्या जेवणानंतर न चुकता घेत होती. त्या गोळीच्या जोडीला एका ओळखीच्या बाईंनी साखळी पद्धतीने विकलेला ग्रीन टी. डबी १,४५० रुपयांची. डबीवर चार आकडी ‘अँटिऑक्सिडंट मूल्य’ सोनेरी शाईत छापलेलं. वेळ सांगितलेली: जेवणानंतर लगेच.

“हे घेतलं त अंगातली घाण निघून जाते म्हनते ताई,” ती म्हणाली.

घाणीचं माहीत नाही, पण गोळीतलं लोह बऱ्यापैकी निघून जात होतं. मी तिला सांगितलं, गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घे, आणि चहा, कोणताही चहा, जेवणापासून आणि गोळीपासून तास-दोन तास लांब ठेव. ती थोडा वेळ डबीकडे बघत राहिली. “मंग एवढे पैसे?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि डबीवरही नव्हतं.

डबीवरच्या आकड्याची गोष्ट तर आणखी मजेशीर. त्याचं नाव ओआरएसी, लोक ‘ओरॅक’ म्हणतात. ही आणखी एक परीक्षानळीतली पद्धत. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये २७७ पदार्थांचा ओरॅक तक्ता संकेतस्थळावर टाकला आणि २०१० मध्ये तो ३२६ पदार्थांपर्यंत वाढवला. २०१२ मध्ये त्यांनीच तो काढून टाकला. कारण लपवलं नाही: या मूल्यांचा माणसाच्या शरीरातल्या परिणामाशी संबंध दिसत नाही, आणि खाद्यपदार्थ व पूरक औषधं बनवणाऱ्या कंपन्या आपला माल खपवायला तो तक्ता सर्रास वापरतात. म्हणजे ज्याने मोजपट्टी बनवली त्यानेच ती मोडून टाकली, आणि आमच्याकडे तिचे तुकडे अजून सोनेरी शाईत विकले जातात. ओस्लोच्या संशोधकांनीही स्वतःच्या लेखात बजावलं होतं, की पदार्थात अँटिऑक्सिडंट भरपूर आहे म्हणून तो शरीरात तसंच काम करेल असं नाही. हे वाक्य कुठल्याच रीलमध्ये येत नाही. ढोल-ताशावर ते बसत नसावं.

शरीर हे परीक्षानळी का नाही, याचं माझं आवडतं उदाहरण सफरचंदाचं आहे. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते, असं दिसलं होतं. सगळे खूश. मग अमेरिकेतल्या लोटिटो आणि फ्राय या दोघांनी २००४ मध्ये नीट तपासलं, तर वाढ सफरचंदातल्या पॉलिफेनॉलमुळे नव्हतीच. फळातल्या फ्रुक्टोजमुळे रक्तातलं युरिक ॲसिड वाढत होतं आणि यंत्र त्यालाच गुण देत होतं. तेच युरिक ॲसिड, जे वाढलं म्हणून तुमच्या काकांना डॉक्टर पथ्य सांगतात.

आणि गोळीचं रूप? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतला तसाच प्रयोग १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला, तिथे वाढ २८ टक्के होती. गाजर वाईट, असा याचा अर्थ नाही. गाजरातून एक रेणू उपटून, त्याला आकडा चिकटवून विकला की तो गाजर राहत नाही.

इथवर वाचून काही मंडळी मनात म्हणत असतील, बरोबर आहे, परदेशी शास्त्राचं हे असंच असतं, आपलं पारंपरिक खाणं सगळ्यात भारी. थांबा. मला तुमच्याशीही भांडायचंय. ‘आपल्या अंबाडीत काळेपेक्षा जास्त’, ‘आपल्या जांभळासमोर आसाई पाणी भरते’ हे पोस्टर बनवताना तुम्ही वापरता तोच तक्ता, तीच परीक्षा आणि तीच शर्यत. फक्त पहिला नंबर आपल्या पोराला दिला की परीक्षा खरी? अंबाडीला कुणाला हरवायची गरज नाही. पावसाळ्यात ती बांधावर असते, स्वस्त असते, कण्यांबरोबर शिजवली की चव लागते. आणि ती शिजवताना आमच्याकडे काय करतात? उकडतात, आंबटपणा कमी व्हावा म्हणून पाणी पिळून फेकतात, मग फोडणी देतात. तक्त्यातली अंबाडी कच्ची असते. त्या फेकलेल्या पाण्याबरोबर काय काय गेलं, हे त्या आकड्यात नाही. पोस्टरमध्ये तर नाहीच नाही.

या सगळ्यात माझ्याच जमातीवर, म्हणजे अन्नशास्त्र शिकलेल्यांवर, माझा राग जास्त आहे. आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत एक ठरलेली पाककृती आहे. एक वनस्पती निवडा. शक्यतो अशी, जिच्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. ती वाळवा, मिथेनॉलमध्ये भिजवा, जांभळ्या रंगाचं डीपीपीएच नावाचं रसायन टाका, ते पिवळं पडलं की ‘उत्कृष्ट अँटिऑक्सिडंट क्षमता आढळली’ असं लिहा. शोधनिबंध तयार. रसायन स्वस्त, यंत्र साधं, निकाल जवळजवळ ठरलेला, कारण हिरवं पान जांभळा रंग उडवणार नाही तर काय करणार? आमच्याकडे चिवळ कुणी मिथेनॉलमध्ये खात नाही.

बरं, त्या निबंधात पान कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, कोणत्या महिन्यात तोडलं, कोवळं होतं की जून, पाणी किती होतं, किती शेतांतून नमुने घेतले, हे पाहिलं तर बऱ्याचदा ‘स्थानिक बाजारातून आणले’ एवढंच असतं. असा आकडा कुठल्याही गंभीर तक्त्यात घेता येत नाही. फ्रान्समध्ये २००९ मध्ये सुरू झालेला ‘फिनॉल-एक्सप्लोरर’ हा माहितीसंग्रह हजाराहून जास्त शोधनिबंध चाळून बांधला आहे, आणि तिथे एकूण बेरजेवर न थांबता कोणतं पॉलिफेनॉल, कोणत्या पदार्थात, किती, हे सुटं सुटं दिलंय. त्यांच्या चाळणीतून आपले किती निबंध टिकतील? पदव्या मिळाल्या, बढत्या मिळाल्या, चिवळीबद्दल उपयोगी असं काहीच कळलं नाही.

नीट काम करणारे लोक आपल्याकडे नाहीत, असं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वैशाली आगटे, शशी चिपळूणकर, कीर्तन तारवाडी यांनी नेहमीच्या खाण्यातल्या पालेभाज्या, फळभाज्या, फळं घेऊन अँटिऑक्सिडंट आणि सूक्ष्म पोषकद्रव्यं एकत्र बघितली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची परंपरा तर त्याहून जुनी. कुन्नूरला असताना एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचा पहिला तक्ता काढला. १९७१ मध्ये गोपालन आणि सहकाऱ्यांचं पुस्तक आलं, जे अजूनही आहारशास्त्राच्या मुलींच्या पिशवीत असतं. मग २०१७ मध्ये लोंगवा आणि सहकाऱ्यांनी नवे तक्ते केले: ५२८ पदार्थ, १५१ घटक, देशाचे सहा विभाग पाडून गोळा केलेले नमुने. त्यात पॉलिफेनॉलही आहेत, आणि तीही सुटी सुटी, गॅलिक आम्ल वेगळं, फेरुलिक आम्ल वेगळं, क्वेर्सेटिन वेगळं. एक चमकदार बेरीज देऊन कुणाला नंबर दिलेला नाही. म्हणूनच त्यावर रील बनत नाही.

पण त्यातही मला माझं ताट पूर्ण सापडत नाही. अंबाडी आहे, शेवग्याचा पाला आहे, चिंचेचा कोवळा पालाही आहे. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे घरोघरी शिजतो तो तरोटा नाही. पदार्थ जवळपास सगळे कच्चे. पिळून टाकलेलं पाणी, तव्यावर भाजलेली भाकरी, खलबत्त्यातला ठेचा, यांचा पत्ता नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहा विभागांत अख्खा देश बसवला की बुलडाण्याची माती सरासरीत विरघळते.

सरासरीने काय होतं, ते आम्ही पाहिलंय.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस खामगावला लागून असलेल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस गळायला लागले. डोकं खाजायचं, दोन-तीन दिवसांत केस मुठीत यायचे आणि आठवड्यात टक्कल. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. वाहिन्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ नाव देऊन टाकलं. आधी शाम्पूवर संशय, मग बुरशीवर, मग पाण्यावर. खारपाणपट्ट्यातलं पाणी तसंही बदनाम, त्यामुळे ते पटायला सोपं. आयसीएमआरची पथकं आली. मुली डोक्याला स्कार्फ बांधून फिरायला लागल्या. १८ गावांत मिळून बाधितांचा आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला.

मग डॉ. हिंमतराव बावस्कर, तेच विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर नाव असलेले, त्यांनी लोकांच्या रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि घरातल्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. त्यांचं निदान: सेलेनियम. रेशनवर आलेल्या, पंजाबकडच्या गव्हात त्यांना किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं. धुतल्यावर १३.६१. म्हणजे ते वरून लागलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. पंजाबच्या नवांशहर-होशियारपूर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या मृदाशास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. या निदानावरून वाद झाले, गव्हावर सगळा दोष टाकायचा का यावरही झाले. पण बावस्करांचा आकडा धरा आणि मोबाइलवर गुणाकार करा: दिवसाला ३०० ग्रॅम पोळ्या म्हणजे ४,३५६ मायक्रोग्रॅम सेलेनियम. प्रौढ माणसाची गरज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. सोसण्याची वरची मर्यादा ४००.

राष्ट्रीय तक्त्यात कणकेतलं सेलेनियम १०० ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. तो आकडा घेऊन कुणी आहारतज्ज्ञाने बोंडगावच्या बाईचा आहार काढला असता, तर उत्तर आलं असतं ‘उत्तम’.

आता औषधाच्या दुकानात जा आणि केस दाट व्हावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या पाठीमागचं वाचा. व्हिटॅमिन ई, बायोटिन आणि सेलेनियम. सेलेनियमपुढे अनेकदा एक शब्द असतो: अँटिऑक्सिडंट. शरीरात ते ज्या एन्झाइमचा भाग असतं ते ऑक्सिडेशन आवरतं, म्हणून हा शब्द. चुकीचाही नाही. पण ज्या तालुक्यात त्याने लोकांचे केस नेले असावेत, त्याच तालुक्यात ते केस परत आणायला विकलं जातंय, आणि किती आधीच ताटात आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. माहीत असायला तक्ता लागतो. तिथला, त्या मातीचा, त्या वर्षीच्या धान्याचा.

म्हणून मला हवाय तो तक्ता अगदी बिनचमकदार आहे. बुलडाणा जिल्ह्यात खाल्ले जाणारे पन्नास-साठ पदार्थ. तरोटा, चिवळ, अंबाडी, कळण्याची भाकरी, रेशनचा गहू, शेतातली ज्वारी, बोरं, कवठ, ठेचा. शिजवलेले, आमच्या पद्धतीने, पाणी पिळून. खारपाणपट्ट्यातले वेगळे, घाटावरचे वेगळे. लोह किती आणि त्यातलं शोषलं जाणारं किती, व्हिटॅमिन सी शिजवल्यावर किती उरलं, टॅनिन किती, सेलेनियम किती, जस्त किती. रेशनचा गहू बाहेरून आला की दरवर्षी नव्याने तपासायचा. एकूण अँटिऑक्सिडंटचा रकाना ठेवूच नका, कुणीतरी त्याचं पोस्टर करेल.

हे कोण करणार, असं विचारलं की लोक दिल्लीकडे बघतात. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९ पासून. अमरावतीला विद्यापीठ आहे, त्याला जोडलेली महाविद्यालयं आहेत, तिथे दरवर्षी अन्नशास्त्र, रसायनशास्त्र, गृहशास्त्राच्या पोरी-पोरांचे प्रकल्प होतात आणि धूळ खात पडतात. एकाने एक भाजी घ्या. पाच गावांतून नमुने आणा, घरात शिजवतात तशी शिजवा, जात, जागा, महिना, ओलावा लिहा. सेलेनियमसारख्या महागड्या तपासण्यांना जिल्हा नियोजनाच्या पैशातून वाट काढा. पाच वर्षांत तक्ता होतो. आणि तो इंग्रजी पीडीएफमध्ये पुरू नका. आशाताईंच्या फोनवर मराठीत उघडेल असा ठेवा, ‘तरोटा’ टाइप केलं की तरोटा येईल असा.

“पण त्याने आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध छापून येणार नाही,” असं मला एका प्राध्यापकांनी समजावलं होतं. मी त्यांना विचारलं, मिथेनॉलमधल्या चिवळीचा छापून आला, तो तुमच्या गावात कुणी वाचला का? ते हसले आणि म्हणाले, तुम्ही अजून लहान आहात.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे, की परीक्षानळीतला अँटिऑक्सिडंट आकडा डबीवर छापता येणार नाही? अमेरिकेने जो तक्ता २०१२ मध्येच मागे घेतला, त्याच्या नावावर पिंपळगावच्या बाळंतिणीकडून १,४५० रुपये घेता येतात, आणि तिच्या पोळीत नेमकं काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही.